खाजगी रकाना

"मला थांबायला सांगू नका, बाई. इतके दिवस थांबलोय म्हणून तर फोन करतोय!" आमचे हे रिसीव्हरमध्ये ओरडले, आणि पलीकडून पुन्हा ती पिपाणी सुरू झाली. मला ती काचेबाहेरही ऐकू येत होती.

रोशनच्या पीसीओतलं ते कपाटाएवढं खोकं. त्यात हे उभे, या पायावरून त्या पायावर. बाहेर मी, हातात मेथीची जुडी आणि दुधाची पिशवी, आणि माझ्यामागे फोनसाठी ताटकळलेली माणसं.

"चाची, कल भी चाचा यही म्यूझिक सुनके गये," रोशन म्हणाला.

"उनको पसंद है," मी म्हटलं. काय सांगणार त्याला?

शेवटी रिसीव्हर आदळून हे बाहेर आले. कपाळावर घाम, आणि डोळे असे की मी दोन पावलं मागेच सरले.

"म्हणते, नोन इश्यू आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे बिघाड आहे हे त्यांना माहीत आहे."

"मग बरंच झालं की."

"काय बरं झालं, सुगंधा? घरात चोर शिरलाय म्हणून पोलिसांना फोन केला, ते म्हणाले, हो, आम्हाला ठाऊक आहे, आणि ठेवला फोन. बरं झालं?"

मी दुधाची पिशवी यांच्या हातात दिली आणि घराकडे वळले.

माझे यजमान पंढरीनाथ. सारी नोकरी पोस्टात, सॉर्टिंगला. गिरगावातल्या खोलीतून आम्ही भाईंदरला आलो, आणि रिटायर झाल्यावर यांनी आमच्या ज्ञातीच्या मंडळाचं वधू-वर सूचक केंद्र चालवायला घेतलं. कुठे? तर आमच्याच हॉलमध्ये. रविवार सकाळ म्हणजे आमच्याकडे चपलांचा ढीग. मी चहा करून करून वैतागायचे, पण लोक यांच्याकडेच यायचे, आणि त्याला कारण होतं.

फॉर्म भरून झाला की मुलीची आई खुर्ची पुढे ओढायची आणि आवाज खाली आणायची. मी त्या वेळी स्वयंपाकघरात जायचं, हा आमच्या घरातला नियम. कुणाच्या पाठीवर कोडाचा डाग असायचा, कुणाचा साखरपुडा मोडलेला, कुणाचा बाप पिणारा. आमचे हे सगळं ऐकून घ्यायचे आणि मनात ठेवायचे. लपवायचे नाहीत हं! पत्रिका जुळली, मुलगी बघून झाली, पसंतीचा निरोप आला, की इस्त्रीचा सदरा घालून स्वतः मुलाकडे जायचे आणि समोर बसून सांगायचे. आधी नाही आणि लग्न ठरल्यानंतरही नाही. म्हणायचे, आजार आधी सांगितला तर लोक माणूस बघतच नाहीत. कितीतरी लग्नं अशी झाली. मोडलीही थोडी, नाही असं नाही. पण कुणी यांना खोटारडा म्हटलं नाही.

मग वय झालं. एकीची गोष्ट दुसरीच्या नावावर सांगून बसले एकदा, आणि इतके घाबरले की त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हा मंडळाने कॉम्प्युटर घेऊन दिला. नव्व्याण्णव सालची गोष्ट. त्यात जो प्रोग्राम घातला तो एका मोठ्या कंपनीचा. कंपनीचं नाव मी घेत नाही. मुख्य कचेरी सातासमुद्रापलीकडे, आणि मला या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या नाहीत, गुडघे दुखतात. तर त्या प्रोग्राममध्ये हवा तो रकाना पासवर्ड लावून बंद करता यायचा. यांनी तसा एक केला: खाजगी.

प्रत्येक आईला विचारलं, "लिहून ठेवू का? कुलूप आहे." त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणताय ना, मग ठेवा. आणि त्याच माहितीच्या फ्लॉप्या करून मंडळाच्या बोरिवली, वसई आणि कल्याण शाखांना दिल्या, म्हणजे तिकडच्या मुलांनाही आपल्या मुली कळाव्यात. "फ्लॉपी सगळ्यांकडे, किल्ली माझ्याकडे," असं हे कौतुकाने सांगत फिरायचे. मला तेव्हा गंमत वाटायची.

आणि एक दिवस सकाळी हाक आली, "सुगंधा, लवकर ये!" मी पिठाचे हात घेऊन धावले. यांना वसईला पत्र लिहायचं होतं. पत्र लिहायचा साधा प्रोग्राम उघडला, आणि त्यातून पत्राऐवजी चुकून केंद्राची फाइलच उघडली. दोन बोटांनी टाइप करणारा माणूस, व्हायचंच. पण ती उघडली! पासवर्ड विचारला नाही, काही नाही. पडद्यावर हसरी तोंडं, बदाम, चौकोन असला नुसता कचरा, आणि त्या कचऱ्यात मुलींची नावं, आणि नावांपुढे सगळं. इंग्रजी अक्षरांत मराठी. मी डोळे मिटले. खरं सांगते, आधी वाचलं आणि मग मिटले.

शालूचं नाव होतं. 'लहानपणी फिट्स. गोळी चालू. आता बरीच वर्षं आली नाही.'

शालू म्हणजे हंसाची मुलगी. हंसा माझी गिरगावातली शेजारीण, नवरा गेल्यावर इथे जवळच, मोरवा गावात भावाच्या जागेत राहायला आलेली. शालू भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात ऑफिस सांभाळते. आणि नेमकं तिचंच स्थळ पुढे सरकलं होतं. बोरिवलीचा मुलगा, टेलिफोन खात्यात. पत्रिका जुळली होती, आणि पितृपक्ष संपल्यावर पहिल्या रविवारी ती मंडळी मुलगी बघायला येणार होती. म्हणजे बोरिवलीत एक फ्लॉपी, बोरिवलीतच मुलगा, आणि मधे कुलूप असं काही नाहीच.

म्हणून ते फोन. फोनने काही होईना, तेव्हा आम्ही दोघं थेट अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात जाऊन बसलो. थंडगार हॉल, आणि बसायला अशा खोल खुर्च्या की उठताना दुसऱ्याचा हात लागावा. यांचा पाय सारखा हलत होता. बऱ्याच वेळाने नीरज नावाचा तरुण आला. टाय लावलेला, बोलायला गोड. रागवायचं ठरवून गेलेल्या माणसाची अशा गोड माणसापुढे पंचाईत होते.

"सर, पासवर्ड ही ॲक्च्युअली सोय आहे," तो म्हणाला. "चुकून काही डिलीट होऊ नये म्हणून. ती सिक्युरिटी आहे असं आम्ही कुठे म्हणतच नाही."

यांनी पिशवीतून प्रोग्रामचं खोकं काढून टेबलावर ठेवलं. त्यावर हे एवढं सोनेरी कुलूप छापलेलं.

"हे काय आहे मग? गणपती?"

"सर, ते मार्केटिंगवाले करतात."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

नीरजने एकदा मागे बघितलं. "काका, गेल्या वर्षापासून. पण कंप्लेंट्स फार नाही आल्या ना, त्यामुळे प्रायॉरिटी मिळत नाही. नवीन व्हर्जनमध्ये होणार आहे."

"कंप्लेंट कशी येणार? ज्याचं उघडं पडलंय त्याला कळलं तर तो येईल ना! तुम्ही लोकांना सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर ज्यांना माहीत नाही त्यांनाही कळेल, कसं उघडायचं ते. मिसयूज होईल."

हे मात्र यांना पटलं. तीच तर पंचाईत झाली. एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "आमच्या पोस्टात पाकीट फाटून आलं, तर आम्ही त्यावर चिठ्ठी लावायचो. फाटक्या स्थितीत मिळालं. आणि तसंच द्यायचो. लोक शिव्या द्यायचे, दिल्या तर दिल्या. पण ज्याचं पाकीट त्याला कळायला नको का?"

"काका, यू आर राइट. पण माझ्या हातात नाहीये." तो मनापासून बोलत होता, म्हणूनच मला त्याचा जास्त राग आला. "तुमच्यासाठी मी स्पेशल रिक्वेस्ट टाकतो. दोन आठवड्यांत दुरुस्तीची फ्लॉपी कुरियरने येईल. तोवर प्लीज कुणाला बोलू नका. तुमच्याच मुलींसाठी सांगतोय."

परत येताना मी रिक्षात कटकट केली. "अहो, शाखांना सरळ खरं सांगा आणि फ्लॉप्या मागून घ्या."

"बोरिवलीच्या गुणवंताला ओळखतेस ना? खरं सांगितलं तर घरी जाऊन आधी तेच करून बघेल."

गुणवंत म्हणजे बोरिवली शाखेचा सेक्रेटरी. कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्याला त्या घराआधी कळतं. तेव्हा यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. पण मग यांनी जे केलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. शाखांना निरोप धाडला की फ्लॉपीत व्हायरस शिरलाय, वापरू नका, परत पाठवा. आयुष्यात कधी थाप न मारलेल्या माणसाची पहिली थाप, ती कशी धड असणार?

फ्लॉपी एकही परत आली नाही. वसईहून निरोप आला, आमचा कॉम्प्युटर तसाही बंद आहे. कल्याणवाल्यांनी उत्तरच दिलं नाही. बोरिवलीहून निरोप आला, बघतो.

मग ते दिवस. काय सांगू! यांना एका जागी बसवेना. जिन्यात पाय वाजला की दार उघडायचं. कुरियरवाला दुसऱ्या मजल्यावर गेला तर हे त्याच्या मागे. दुपारी आडवे झाले की लगेच उठून रोशनकडे. नीरज मीटिंगमध्ये असायचा, नाहीतर टूरवर, आणि ती पिपाणी वाजायची. मी एकदा चिडून म्हटलंही, "तिच्यावर आता नाचायला लागा." हसले नाहीत. पूर्वी हसले असते.

पितृपक्ष संपला. शनिवारी संध्याकाळी हंसा येऊन माझे बोन चायनाचे कप घेऊन गेली, उद्याच्यासाठी. शालूला कोणती साडी बरी दिसेल ते विचारून गेली. ती जिना उतरते न उतरते तोच गुणवंत वर आला. आल्या आल्या खुर्चीत बसला आणि फ्लॉपी टेबलावर टाकली.

"ही घ्या तुमची. व्हायरस बियरस काही नाही त्यात. तुम्ही म्हणालात म्हणून आमच्या जावयांनी उघडून आत बघितलं, कॉम्प्युटर कंपनीत आहेत ते. आत भलतंच निघालं हो, पंढरीनाथराव!"

यांनी फ्लॉपी उचलून मुठीत धरली.

"उद्या ते लोक येत नाहीयेत," गुणवंत म्हणाला. "मुलाची आई आमच्या हिची मैत्रीण. मला सांगावंच लागलं. फिट्स येणारी मुलगी खपवत होता काय?"

"मी सांगणार होतो," हे म्हणाले. "बघून झाल्यावर. नेहमीसारखं."

"हो, आता काय, कुणीही म्हणेल."

"गुणवंतराव, चहा घेणार का?" मी विचारलं. नाही म्हणाला, ते त्याच्या नशिबाने. मी त्यात काय घातलं असतं देव जाणे.

तो गेल्यावर हे उठून मोरव्याला जायला निघाले, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन बसले. "तू जा," म्हणाले. "मला जमत नाही, सुगंधा." यांच्या तोंडून हे वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. मी गेले.

हंसा कप पुसत होती. मी अर्धंच सांगितलं आणि तिला सगळं कळलं. तिने फडकं खाली ठेवलं.

"मी भाऊजींना सांगितलं होतं, सुगंधा. मशीनला नव्हतं सांगितलं."

मी कप घेऊन घरी आले.

सोमवारी सकाळी हे रोशनकडे गेले नाहीत. इस्त्रीचा सदरा घातला आणि फ्लॉपीतल्या एकेका घरी जायला लागले. म्हणायचे, "तुम्ही विश्वासाने सांगितलेली गोष्ट माझ्याकडून फुटली आहे. कुणी वाचली, किती जणांनी, मला माहीत नाही. पण फुटली आहे, म्हणून सांगायला आलो." मी म्हटलं, पत्रं टाका, सांगायचंच तर. ऐकलं नाही. कुणी पाणी दिलं, कुणी दारातूनच बरं म्हणून कडी लावली. नया नगरच्या कडेला राहणारे एक गृहस्थ तर जिन्यात उभे राहून अद्वातद्वा बोलले, आणि आमचे हे खाली मान घालून उभे. ते मला बघवलं नाही. यांच्या जागी त्या सोनेरी कुलूपवाल्यांतला एकजण तरी उभा असायला हवा होता की नाही, सांगा!

वसईला आणि कल्याणलाही जाऊन खरं काय ते सांगितलं. दोघांनी त्याच क्षणी फ्लॉपी काढून हातात ठेवली. वसईच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "काका, पहिल्यांदाच असं सांगितलं असतंत तर मी तेव्हाच आणून दिली असती." घरी येऊन हे वाक्य मला दोनदा सांगितलं. मी म्हटलं, "त्या नीरजला सांगा." म्हणाले, "सांगायला तो भेटला पाहिजे ना. दुसऱ्या डिपार्टमेंटला गेलाय."

दुरुस्तीची फ्लॉपी आली दिवाळीनंतर. सोबत गुळगुळीत कागद: नवीन, अधिक सुरक्षित आवृत्तीबद्दल आपले अभिनंदन. जुन्या बिघाडाचा त्यात उल्लेखही नाही. यांनी ती मुकाट्याने कॉम्प्युटरमध्ये घातली आणि मग मुद्दाम पत्राच्या प्रोग्रामातून फाइल उघडून बघितली. नुसते बदाम आणि हसरी तोंडं, एक अक्षर लागत नव्हतं. कुलूप खरोखरच बसलं होतं.

पण आता रविवारी ज्या आया यायच्या, त्या खुर्ची पुढे ओढत नव्हत्या. हे विचारायचे, "आणखी काही सांगायचंय?" ती बाई आधी कॉम्प्युटरकडे बघायची, मग मुलीकडे, आणि म्हणायची, "छे, विशेष काही नाही." मी आपली उगाचच उठून स्वयंपाकघरात जायचे आणि लगेच परत यायचे.

मोरवा तेवढं राहिलं होतं. सगळी घरं झाली, हे एकच होईना. शेवटी एका संध्याकाळी मीच यांना हाताला धरून नेलं.

शालूने दार उघडलं. नुकतीच कामावरून आली होती. हंसा आत गेली ती बाहेर आलीच नाही. स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता. हे खुर्चीच्या काठावर बसले आणि इतरांना सांगत होते तेच सांगायला लागले, "तुम्ही विश्वासाने..."

"ते माहितीये, काका," शालू म्हणाली. "कारखान्यातसुद्धा माहितीये आता. मी जरा खुर्चीतून उठले तरी सगळे बघतात, पडते की काय." तिचा आवाज चढला होता. "मला वेगळंच विचारायचंय. तुम्ही त्यांच्याकडे जाऊन सांगणार होता ना? काय सांगणार होता?"

"आता त्याचं काय, बाळा."

"नाही, सांगा. माझ्याबद्दल बाहेर नक्की काय बोललं जाणार होतं, मला कळू दे की."

मला वाटलं, आता उठतात. पण मग यांनी खुर्ची नीट केली, पाठ टेकली, सदऱ्याची बाही सारखी केली, आणि शालूच जणू त्या मुलाची आई आहे असे तिच्याकडे बघून बोलायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मीही कधी ऐकलं नव्हतं. मी नेहमी आत असायचे, आणि मुलाकडे तर हे एकटेच जायचे.

"मुलगी पाहिलीत, पसंतीचा निरोप दिलात. आता एक गोष्ट ऐकून घ्या, आणि ती माझ्याकडूनच ऐका. शालूला लहानपणी फिट यायची. पहिल्यांदा आली ती शाळेत, प्रार्थनेला उभी असताना, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवशी आई नको म्हणत असताना ती शाळेत गेली आणि त्याच जागी उभी राहिली. आता येत नाही. रोज एक गोळी घेते आणि ती कधी चुकवत नाही. वडील गेले त्या दिवशी घरात कुणाला कशाची शुद्ध नव्हती, तेव्हाही तिने आधी आईला पाणी दिलं आणि मग आपली गोळी घेतली. मालक बाहेरगावी गेले की कारखान्याच्या चाव्या तिच्याकडे असतात. मी ही मुलगी लहानपणापासून बघतोय. मला मुलगा असता तर मी तुमच्याकडे आलोच नसतो. आता तुम्ही विचार करा. हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा. नाही म्हणालात तरी मी चहा पिऊनच उठेन. फक्त मग ही गोष्ट या घरातच ठेवा."

आतला स्टोव्ह कधी बंद झाला ते कळलंच नाही. शालू मांडीवरच्या ओढणीचं टोक घट्ट धरून बसली होती.

"असं सांगता तुम्ही?"

"असंच."

"इकडे सगळे नुसतं फिट्सवाली म्हणतात," ती म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना. हे कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी काय करणार, माझ्याच डोळ्यांना पदर होता.

शालूने ओढणीने तोंड पुसलं. "काका, परत एकदा सांगा ना. पहिल्यापासून."

यांनी घसा साफ केला. "मुलगी पाहिलीत," यांनी सुरुवात केली, आणि हंसा आतून हात पुसत येऊन शालूच्या शेजारी बसली.